पोलिसांवरच्या रिसर्चमध्ये व्हॉलंटिअर व्हायचंय? आधी कागद वाचायला शिका

सेकंड इयर, थर्ड इयरची मुलंमुली विचारतात की युनिव्हर्सिटीत एक मॅडम पोलिसिंगवर प्रोजेक्ट करतायत, व्हॉलंटिअर हवेत, जाऊ का? नक्की जा. फक्त काम काय असतं ते आधी समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं की पोलीस स्टेशनात बसून तपास बघायला मिळणार, आणि प्रत्यक्षात पहिले दोन महिने समोर असते एक्सेलची शीट आणि एफआयआरचा ढीग. मला विचाराल तर खरं शिक्षण त्या ढिगातच होतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने यूथ बार असोसिएशनच्या केसमध्ये आदेश दिला की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायची, लैंगिक गुन्हे, पोक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद अशा संवेदनशील केसेस सोडून. त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर कुणालाही वाचता येतात. पण त्यातून काय वगळलंय हे कायम डोक्यात ठेवा, नाहीतर शीट भरून झाल्यावर तुम्ही म्हणाल की अमुक ठाण्यात बायकांवर अत्याचारच होत नाहीत, आणि ते साफ चुकीचं असेल.

आता वाचायचं कसं. घटना कधी घडली आणि ठाण्यात खबर कधी मिळाली, या दोन तारखा आधी उतरवून घ्या. मग उशिराच्या कारणाचा कॉलम बघा. मधे चार दिवस गेले असतील आणि कारण कोरं असेल तर ती नोंद वेगळी काढून ठेवा, सर किंवा मॅडम त्याच शोधत असतात. मग खालची फिर्याद. 'मी समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून फिर्याद देतो की' इथून सुरू होते आणि चोरी असेल तर 'माझे संमतीशिवाय मुद्दाम लबाडीच्या इराद्याने चोरून नेली' हे येतंच, अपघात असेल तर 'भरधाव वेगात, हयगयीने'. आता भाजीवाल्या मावशी 'लबाडीच्या इराद्याने' असं बोलतील का? ते वाक्य लिहून घेणाऱ्या अंमलदाराचं असतं, कलमात बसावं म्हणून घातलेलं. माणूस स्वतः काय बोलला आणि साचा कुठला हे ओळखणं हे मराठीत वाढलेल्या पोराला जमतं, बाहेरून आलेल्या रिसर्चरला जमत नाही, आणि म्हणूनच तुमची गरज आहे. स्वतःला फुकटचा टायपिस्ट समजू नका.

कलमांची एक भानगड आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, चोरीचं ३७९ होतं ते ३०३(२) झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). पण घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर नंतर दाखल झालेल्या एफआयआरवरही जुनंच कलम असतं, म्हणून कायदा आणि कलम असे दोन वेगळे कॉलम ठेवाच. आणि एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे, आकडे शेजारी लावून बघताना हे विसरू नका की एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी ते सगळ्यात गंभीर एकच मोजतात.

आता माझी चूक सांगते. लोकांच्या घरी जाऊन सर्व्हे करायचा होता, गुन्हा झाल्यावर पोलिसांकडे गेलात का वगैरे. एका काकांचा मोबाइल बसमध्ये मारला होता, ते म्हणाले 'कम्प्लेंट केलीये ना', मी 'एफआयआर झाली : होय' वर टिक केलं आणि पुढच्या घरी. असं तीसेक घरांत केलं. मॅडमनी एकच विचारलं, कागद बघितलास का? परत गेले. काकांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, त्यावर 'गहाळ' लिहिलेलं. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) नाही, कलम नाही. म्हणजे चोरीची नोंदच नव्हती, मोबाइल हरवला एवढीच नोंद होती. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, चोरी त्यातलीच) खबर दिली तर एफआयआर घ्यावीच लागते हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी केसमध्ये २०१३ लाच सांगितलंय, आणि काकांना वाटत होतं आपली केस चालू आहे. त्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारते, कागद दिला का, आणि मी वाचू का? एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), गहाळ, साधा अर्ज, एफआयआर, लोक सगळ्यालाच कम्प्लेंट म्हणतात.

हो म्हणण्याआधी मात्र काही गोष्टी विचारून घ्या, लाजू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, डेटा कुठे ठेवायचा (एफआयआरचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत, त्यात लोकांची नावं, पत्ते, नंबर असतात), प्रवासाचे पैसे मिळतात का, रिपोर्टमध्ये नाव येणार का. एनईपीच्या (नव्या शैक्षणिक धोरणाच्या) फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटमध्ये हे काम बसतं का हे कॉलेजात आधीच विचारा, नंतर कुणी ऐकत नाही.

ठाण्यात जायचं असेल तर आयुक्त किंवा एसपी ऑफिसची परवानगी हातात हवी आणि दोघं मिळून जा, गणपतीत, निवडणुकीत जाऊच नका, सगळे बंदोबस्तात असतात. हवालदार बोलायला लागले की त्यांच्या ड्युटीबद्दलही ऐका. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ ला आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोवर बारा-बारा तास नेहमीचेच होते, आणि दमलेला माणूस तक्रार कशी लिहून घेतो हाही तुमच्या रिसर्चचाच भाग आहे. स्वतःच्या डोक्याने खोटी तक्रार घेऊन 'बघू घेतात का' असं कधीही करू नका. राजस्थानात १६२ ठाण्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे बनावट फिर्यादी पाठवले होते, पण ते प्रशिक्षित सर्व्हेअर होते आणि पोलीस खातं त्या अभ्यासात सामील होतं. तुम्ही केलंत तर तो सरळ गुन्हा होऊ शकतो.

या रविवारी एवढं करा, पोर्टलवर आपलं ठाणं आणि एक तारीख निवडा, दहा एफआयआर वाचा, घटना कधी, खबर कधी, कलम काय, उशिराचं कारण काय असे चार कॉलम भरा. शक्य असेल तर मैत्रिणीला त्याच दहा वेगळ्या भरायला सांगा आणि कुठे फरक पडला ते बघा. नावं काढून टाकलेली ती शीट जोडून मॅडमना मेल करा, खाली दोन ओळी, मी कोण आणि आठवड्याला किती तास देऊ शकते.