लारा क्रॉफ्टचे साईड गेम, पिक्चर, सिरीज, कॉमिक्स: कुठून सुरू करायचं आणि काय सोडून द्यायचं

लारा क्रॉफ्ट जिची हिरोईन आहे त्या टूम्ब रेडर व्हिडिओ गेम सिरीजचे मेन गेम खेळून झाले, निदान 2013 पासूनचे तीन तरी झाले, आणि आता लाराचं अजून काय काय आहे बघू म्हणून सर्च मारला की डोकंच गरगरतं, कारण 1996 पासून या बाईने काही म्हणजे काही सोडलेलं नाही, मोबाईल गेम, हॉलिवूड, कॉमिक्स, दुसऱ्यांच्या गेममध्ये पाहुणी, एनर्जी ड्रिंकच्या जाहिराती सुद्धा. ज्या गावात तिला बनवलं गेलं त्या इंग्लंडच्या डर्बीत तिच्या नावाचा रस्ता आहे, आता बोला.

रिलीज डेटच्या क्रमाने जायला जाऊ नका, अर्ध्यात कंटाळून सोडाल. आधी फक्त एवढं डोक्यात पक्कं करा की लारा एक नाही, तीन आहेत. पहिली कोअर डिझाईन या गेम कंपनीची, 1996 ते 2003, दोन पिस्तुलं, गोल गॉगल, कुणाच्या बापाला न घाबरणारी. दुसरी क्रिस्टल डायनॅमिक्स या कंपनीने 2006 च्या लेजंड गेमपासून आणली ती, तिची सगळी धावपळ हरवलेल्या आईसाठी. तिसरी 2013 ची, जहाज फुटून बेटावर अडकलेली कोवळी पोरगी, हातात धनुष्यबाण. बाकीचं जे काही बाहेर आलंय ते यातल्या कुठल्या ना कुठल्या लाराला धरून आहे, आणि आपल्याला कुठली आवडते ते ठरलं की निम्मं काम तिथेच होतं.

आता गेमपासून सुरू करू. एक सोपी ट्रिक सांगतो, ज्या गेमच्या नावात नुसतं लारा क्रॉफ्ट आहे आणि टूम्ब रेडर नाही तो साईड गेम समजायचा. पिक्चरला हा नियम लागत नाही हं, 2001 च्या पिक्चरच्या नावात दोन्ही आहे.

पहिला घ्यायचा तो लारा क्रॉफ्ट गो, 2015 चा. माझ्या मते साईड गेममध्ये याच्या जवळपास पण कोणी नाही, त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट मोबाईल गेम पण हाच होता. फोनसाठीच बनवलेला, नंतर पीएस4 आणि पीसीवर पण आला. यात धावाधाव नाही, टायमर नाही, तुम्ही एक पाऊल टाकलं की मग बाकीचे एक पाऊल टाकतात, असा पटावरचा खेळ. साप जिकडे तोंड करून बसलाय त्या समोरच्या घरात गेलात की मेलात, पण बाजूने किंवा मागून आलात की लारा आरामात गोळी घालते. पाल मात्र तुम्हाला बघितलं की मागे लागते आणि बरोबर एक पाऊल मागे राहते, आणि इथेच खरी गंमत आहे कारण थोडं पुढे गेल्यावर कळतं की तिला लगेच मारायचंच नाही, तिला मागे मागे फिरवत न्यायचं आणि दाबायची लादी तिच्या पायाखाली येईल असं आपण चालायचं म्हणजे दार उघडं राहतं आणि आपण निसटतो. तडकणाऱ्या लाद्यांवर एकदाच पाय द्यायचा, दुसऱ्यांदा दिला की खाली. अडकलात तर यूट्यूब उघडू नका, शेवटून उलटा विचार करा, दारापर्यंत जायला शेवटचं पाऊल कुठून पडायला हवं ते बघा आणि तिथून मागे या. आणि मागच्या चित्रात लपलेले मडके टॅप करत चला, त्यात कलेक्शनच्या वस्तू असतात.

जोडीला कोणी भाऊ बहीण मित्र असेल तर दुसरा नंबर लारा क्रॉफ्ट अँड द गार्डियन ऑफ लाईटचा, 2010. कॅमेरा वरून, लाराबरोबर टोटेक नावाचा दोन हजार वर्षांचा माया योद्धा. टोटेक भिंतीत भाले मारतो आणि लारा त्या भाल्यांवर उड्या मारत वर चढते, लारा दोर टाकते तर टोटेक त्या दोरावरून चालत पलीकडे जातो, म्हणजे दोघांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही आणि भांडणं पण मस्त होतात. एकट्याने पण खेळता येतो, तेव्हा भाला लाराच्याच हातात देतात आणि कोडी बदलतात, पण मजा निम्मी. याचा पुढचा टेम्पल ऑफ ओसायरिस, 2014, चार जणांचा, इजिप्तमधला. चौघं असाल तरच बघा, नाहीतर गोंधळच जास्त. रेलिक रन हा तोच आपला पळत सुटायचा टाईपचा मोबाईल गेम, नाही खेळलात तर काही बिघडत नाही.

पिक्चरचं सांगायचं तर अँजेलिना जोलीचे दोन, 2001 आणि 2003. ही पहिली लारा, सगळा अ‍ॅटिट्यूड तोच. स्टोरी शोधत बसू नका, जोलीसाठी बघा, पहिल्या पिक्चरमध्ये लाराच्या बापाचं काम जोलीच्या खऱ्या बापाने म्हणजे जॉन वॉइटने केलंय आणि कंबोडियाच्या अंगकोरमध्ये झाडांच्या मुळांनी गिळलेल्या देवळात शूटिंग केलंय ते सीन अजून भारी दिसतात. 2018 चा अलिशिया विकँडरवाला मात्र 2013 चा गेम खेळून झाल्यावरच लावा, कारण बेट तेच, राणी हिमिको तीच, पण गेममध्ये जे जादूटोण्याचं आहे त्याला पिक्चरमध्ये रोगराईचं कारण दिलंय आणि ती तुलना करण्यातच त्या पिक्चरची मजा आहे. नुसता बघितला तर ठीकठाक.

नेटफ्लिक्सची अ‍ॅनिमेशन सिरीज, द लेजंड ऑफ लारा क्रॉफ्ट, ऑक्टोबर 2024 मध्ये आली, पहिल्या सीझनला आठ एपिसोड. ही 2018 च्या शॅडो ऑफ द टूम्ब रेडरच्या नंतरची गोष्ट आहे म्हणून तो गेम आधी संपवा, नाहीतर लारा एवढी खचलेली का आहे आणि हा जोना कोण, हे कळायला वेळ जातो. लाराचा आवाज इथे हेली अ‍ॅटवेलचा आहे, गेममधल्या कॅमिला लडिंग्टनचा नाही, पहिला एपिसोड कानाला खटकेल पण जोनाचा आवाज गेममधलाच ठेवलाय त्यामुळे सवय होते.

कॉमिक्स दोन प्रकाशकांची. टॉप काऊची 1999 ते 2005, पन्नास अंक, जुन्या लाराची, नव्वदच्या दशकातली ती टिपिकल चकचकीत चित्रं, ज्याला आवडतं त्याला आवडतं. डार्क हॉर्सची 2014 पासूनची, ती 2013 चा गेम आणि त्याचा पुढचा भाग राईज ऑफ द टूम्ब रेडर यांच्या मधल्या काळात बसते, म्हणून वाचायची तर त्या दोन गेमच्या मध्येच वाचा, तेवढीच कामाची आहे.

मध्येच एक सांगतो, साईड गेम नाही पण आपल्याशी संबंध आहे म्हणून. 1998 चा टूम्ब रेडर 3 सुरूच भारतात होतो, जंगल, वाघ, माकडं, गंगा नावाच्या लेव्हलमध्ये क्वाड बाईक, आणि देवळात सहा हातांच्या मूर्ती जिवंत होऊन तलवारी घेऊन अंगावर येतात, त्यांना गेममध्ये शिवा म्हणतात. बघून हसावं का चिडावं कळत नाही. 2024 मध्ये पहिले तीन गेम रीमास्टर झाले त्यात हा आहे, बटण दाबून जुने ग्राफिक्स पण करता येतात.

राहिली पाहुणी लारा. फोर्टनाईटमध्ये 2021 ला बॅटल पासमध्ये (म्हणजे सीझनभर खेळून बक्षिसं मिळवायच्या विकतच्या पासमध्ये) होती, कॉल ऑफ ड्यूटीमध्ये 2023 ला. यात गोष्ट बिष्ट काही नाही, नुसता तिचा स्किन म्हणजे तिचं रूप चढवून आपला तोच गेम खेळायचा, त्यामुळे तो गेम आधीपासून खेळत असाल तरच पैसे घाला. डेड बाय डेलाईटमध्ये जुलै 2024 पासून आहे ते जरा बरं जमलंय, तिथे ती सर्व्हायव्हर आहे, म्हणजे खुन्यापासून जीव वाचवणाऱ्यांपैकी एक, बंदूक नाही काही नाही, जनरेटर चालू करायचे आणि खिडक्यांतून उड्या मारत पळायचं, आणि तिचा एक पर्क म्हणजे खास ताकद उडी पटकन मारण्यासाठीच दिलाय. गेम सेलमध्ये असेल तेव्हा घ्या आणि लाराचा डीएलसी म्हणजे जोड-पॅक वेगळा घ्यावा लागतो का ते विकत घ्यायच्या आधी बघून घ्या.