बॉल्डर्स गेट ३ मधली सोंगं: आपली चौघांची पार्टी कशी जमवायची

बॉल्डर्स गेट ३ हा भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा सुरू केला की नायक निवडायचा पडदा समोर येतो, आणि बरेच जण तिथेच अडकतात. माझा मामेभाऊ गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे दीड तास बसला होता. शेवटी फोन करून म्हणाला, "ताई, यातला सगळ्यात भारी कोण ते सांग." मी म्हटलं, तसं बघू नकोस, हा कुठलं सोंग घेऊन आलाय ते बघ. मग त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. पुढची मोठी गुपितं फोडणार नाही. पहिल्या अंकात कळतं तेवढ्यावरच बोलू.

'सोंग' हा शब्द माझ्या डोक्यात दशावतारातून आला. कुडाळजवळच्या आमच्या गावी जत्रेच्या रात्री दशावतार असायचा आणि माझे मोठे मामा पखवाज वाजवायचे. राजा आला की त्याच्या मुकुटावरून, चालीवरून तो राजा आहे हे आम्हा पोरांनाही लगेच कळायचं. राक्षस तोंड उघडायच्या आधीच राक्षस असायचा. पण संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेलं, पार्ट ठरलेला, आणि पुढे काय बोलायचं ते नट रंगमंचावर उभा राहून ठरवतो. तोच राजा एका रात्री उर्मट वाटायचा आणि दुसऱ्या रात्री त्याच्यासाठी डोळे भरून यायचे. बॉल्डर्स गेट ३ मधले नायक अगदी असेच बांधले आहेत. पोशाख आणि चाल यांवरून साचा लगेच ओळखू येतो. पुढचा माणूस मात्र तुमच्याशी बोलता बोलता घडतो.

हे साचे जुने आहेत. गेम ज्याच्या नियमांवर चालतो तो डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कागद-फाशांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढला. तेव्हा क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारा पुजारी. चोर १९७५ च्या पुरवणीत आला. आज बॉल्डर्स गेट ३ मध्ये बारा क्लास आहेत, तरी पार्टीच्या पोटात तीच चार कामं असतात. कुणीतरी समोर उभं राहून मार झेलायचा, कुणी जखमा भरायच्या, कुणी कुलपं आणि सापळे बघायचे, कुणी लांबून जादू झाडायची. पार्टीत एका वेळी चौघंच मावतात, म्हणून ही विभागणी सोयीची पडते. घेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओने या चार कामांवर सहा माणसं बसवली, आणि प्रत्येकाच्या सोंगाखाली एक जखम ठेवली. निवड करताना काम आणि जखम दोन्ही बघा.

मी पहिल्या वेळी फक्त काम बघितलं. गेम ३ ऑगस्ट २०२३ ला आला आणि त्याच महिन्यात मी खेळायला बसले. लाँग रेस्टला, म्हणजे कॅम्पवर रात्रभर झोपायला, ४० कॅम्प सप्लाय (शिधा) लागतात हे वाचलं आणि घरचा शिधा पुरवायचा तसा तो पुरवत राहिले. जखमा शॉर्ट रेस्टवर, म्हणजे दिवसातल्या छोट्या विश्रांतीवर भागवायच्या, दिवस लांबवायचा, झोपायचं नाही. दुसऱ्या अंकात पोचले तेव्हा माझ्या पार्टीतली माणसं मला परकी होती. त्यांच्या मनातल्या बहुतेक गोष्टी रात्री कॅम्पवर बाहेर येतात, आणि त्या रात्री मी येऊच दिल्या नव्हत्या. मला ते फार लागलं. तो सेव्ह सोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणून पहिला नियम: मोठी लढाई झाली, एखादं ठिकाण पूर्ण फिरून झालं की झोपा. अन्न भरपूर मिळतं. पिंपं, पेट्या, स्वयंपाकघरं उघडत चला. कॅम्पवर कुणाच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं तर त्याच्याशी बोलल्याशिवाय झोपू नका.

आता माणसं.

सुरुवातीचं जहाज कोसळल्यावर किनाऱ्यावर शॅडोहार्ट पहिली भेटते. सोंग: गूढ, तुटक पुजारीण. क्लेरिक आहे, अंधाराची देवी शार हिची भक्त, आणि स्वतःच्या आठवणी तिने देवीच्या हवाली केल्या आहेत. नवे खेळाडू दोन गोष्टींवरून तिला नावं ठेवतात. एक, ती काहीच सांगत नाही. दुसरी, तिचा फायर बोल्ट हा आगीचा मंत्र सतत चुकतो. दुसरीचं कारण साधं आहे: तो मंत्र तिच्या बुद्धीच्या आकड्यावर चालतो आणि तिची बुद्धी बेताची आहे. तिची ताकद विज्डममध्ये, म्हणजे शहाणपणाच्या आकड्यात आहे. फायर बोल्ट विसरा, तिला साथीदारांचे फासे सुधारणारा ब्लेस मंत्र टाकू द्या, जखमा भरू द्या. क्लेरिकचा गायडन्स हा छोटा मंत्र बोलण्याच्या किंवा कुलपाच्या फाशात १ ते ४ ची भर घालतो. पूर्ण गेममध्ये याच्याइतकं कामाला दुसरं काही क्वचितच येतं.

पहिल्या गोष्टीसाठी धीर लागतो. ती गप्प झाली की खोदून विचारू नका. संवादात 'तुला सांगायचं नसेल तर राहू दे' अशा अर्थाचा पर्याय बहुतेक वेळा असतो, तो घ्या. मुक्या प्राण्यांवर तिची माया आहे, तेही नजरेत ठेवा. कठोरपणा तिला शिकवलेला आहे आणि माया तिची स्वतःची आहे, हे हळूहळू दिसायला लागतं. दुसऱ्या अंकात तिच्यापुढे जो निर्णय येतो तो तिला स्वतःला घेता यावा, असं वाटत असेल तर पहिल्या अंकापासून तिला पार्टीत ठेवा.

ॲस्टेरियन किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर भेटतो आणि पहिल्याच भेटीत गळ्याला सुरी लावतो. सोंग: देखणा, गोडबोल्या, बेभरवशाचा. क्लास रोग, म्हणजे तुमचा चोर. तो रक्तपिपासू आहे हे निवडीच्या पडद्यावरच लिहिलेलं आहे, तेव्हा ते गुपित नाही. वाटेत एक रानडुक्कर मरून पडलेलं दिसेल, अंगात रक्ताचा थेंब नाही. तेव्हा त्याला सोबत ठेवून ते बघा. त्याची पसंती मिळवायला क्रूर वागावं लागतं असं बरेच जण सांगतात. काही वेळा ते खरं आहे, पण सगळ्यात खोल पसंती त्याला स्वतःचं ठरवू दिल्यावर मिळते. दोनशे वर्षं दुसऱ्याच्या हुकुमाखाली काढलेला माणूस आहे तो. त्याला हुकूम सोडू नका. नील न्यूबन या नटाला या भूमिकेसाठी २०२३ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला. इयरफोन लावून त्याचा आवाज ऐका, गोडवा कुठे खोटा आहे ते कानाला कळतं. लढाईत त्याला लपवून, उंचावरून बाण मारू द्या. तिसऱ्या लेव्हलला रोगची थीफ ही शाखा घेतली की जास्तीची बोनस ॲक्शन, म्हणजे आणखी एक छोटी कृती मिळते.

गेल एका दगडी चक्रात अडकलेला असतो, नुसता हात बाहेर. ओढून काढा. सोंग: विद्वान, बोलघेवडा, थोडा स्वतःवरच खूश. कधी काळी खुद्द जादूच्या देवीचा लाडका होता, आणि तिथून पडला तो स्वतःच्या हव्यासाने. त्याला अधूनमधून जादूच्या वस्तू 'खायला' द्याव्या लागतात. चिडू नका. ज्या अंगठीचा, बुटांचा तुम्हाला उपयोग नाही अशा दोन-तीन जादुई वस्तू पिशवीत बाजूला ठेवा. विझर्ड असल्याने सापडलेल्या स्क्रोलमधून तो नवे मंत्र शिकतो, त्यामुळे स्क्रोल विकायच्या आधी त्याला दाखवा. दुसऱ्या लेव्हलला एव्होकेशन निवडलं तर त्या शाखेच्या मंत्रांची आग आपल्याच माणसांना भाजत नाही. नवीन खेळाडूसाठी हे मोठं सुख आहे.

लेझेल पिंजऱ्यात टांगलेली सापडेल. कडवी शिपाई, फायटर, गिथयांकी जमातीची. तिच्याशी गुळमुळीत बोलू नका, जे आहे ते सरळ सांगा. पाचव्या लेव्हलला प्रत्येक फायटरला दुसरा वार मिळतो, अकराव्याला तिसरा. निव्वळ लढाईत तिच्यापुढे कुणी टिकत नाही. शॅडोहार्टशी तिचं जमत नाही, भांडण एका रात्री पात्यापर्यंत जातं. त्या रात्री मध्ये पडा.

विल हा गोष्टीतला शूरवीर. ग्रोव्ह या निर्वासितांनी आसरा घेतलेल्या वस्तीच्या दाराशी लढताना भेटतो, आत गेलात की एका पोराला तलवार शिकवत असतो. क्लास मात्र वॉरलॉक, म्हणजे त्याची ताकद सैतानी कराराची आहे, आणि चांगुलपणाचं एवढं मोठं सोंग त्याला का लागतं याचं उत्तर तिथेच सापडतं. त्याचे मंत्र शॉर्ट रेस्टनंतर परत मिळतात. करिश्मा, म्हणजे बोलण्यातल्या प्रभावाचा आकडा, चांगला असल्याने बोलणी त्याच्याकडून करवता येतात.

आणि कार्लाक. तिच्यावर थोडं थांबते, कारण सोंग आणि माणूस यांतलं अंतर तिच्याइतकं कुणातच नाही. तांबडी कातडी, एक शिंग मोडलेलं, हातात कुऱ्हाड, बार्बेरियन. विलला ती सैतान म्हणूनच ठाऊक आहे आणि तो तिला मारायला निघालेला असतो. नदीपलीकडे उत्तरेला ती भेटते. तिथे विलला घेऊनच जा आणि मारायच्या आधी तिला बोलू द्या. बोलायला लागली की कळतं, एवढी मनमोकळी, जीव लावणारी दुसरी कुणी या गेममध्ये नाही. तिचं हृदय काढून त्या जागी नरकातलं इंजिन बसवलंय. दहा वर्षं तिला तिथल्या युद्धात राबवलं. आता अंग इतकं तापलेलं असतं की ती कुणाला मिठी मारू शकत नाही, कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवू शकत नाही. तिला साधा स्पर्श हवा आहे. हे ती हसत सांगते, आणि मला त्या प्रसंगात दोन मिनिटं गेम थांबवावा लागला होता.

तिच्यासाठी करायचं ते असं. इन्फर्नल आयर्न नावाचा धातू दिसला की उचला. ग्रोव्हमध्ये डॅमन नावाचा लोहार आहे, त्याच्याकडे न्या. पहिली दुरुस्ती तिथेच होते, दुसरी पुढच्या अंकात. म्हणून डॅमन जिवंत राहायला हवा, म्हणजे ग्रोव्ह वाचायला हवा. ग्रोव्हवर तुम्हीच चालून गेलात तर विल आणि कार्लाक दोघंही तुम्हाला सोडून जातात. लढाईत तिला सगळ्यात पुढे ठेवा. रेजमध्ये, म्हणजे बार्बेरियनच्या लढाईतल्या संतापात, शस्त्रांचा मार निम्म्यावर येतो. फक्त जड चिलखत चढवू नका, रेजचा फायदा बुडतो.

आता पार्टी. पहिल्या खेळासाठी माझी शिफारस ठाम आहे: कार्लाक, शॅडोहार्ट, ॲस्टेरियन आणि तुमचा स्वतःचा नायक, जो बोलण्यात तरबेज आहे. बार्ड (गायक-वादक), सॉर्सरर (उपजत जादूगार) किंवा पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) घ्या. समोर जो उभा राहून बोलतो त्याचाच आकडा फाशात धरला जातो, मागच्या तिघांची जीभ कितीही चालत असली तरी. लेझेल, विल, गेल यांना आलटून पालटून आत घ्या. कुणाचा क्लास खटकला तर कॅम्पवर विदर्स नावाचा सांगाडा येतो, तो १०० सोन्याच्या नाण्यांत क्लास आणि आकडे बदलून देतो. मी शॅडोहार्टला कायम ट्रिकरीऐवजी लाइफ डोमेन ही जखमा भरणारी क्लेरिकची शाखा देते. मात्र विलला मी कधीच बदलत नाही. वॉरलॉक नसलेला विल मला खोटा वाटतो.

स्वतःचा नायक करताना क्लासच्या आधी एक गोष्ट ठरवा: हा माणूस काय कधीच करणार नाही? माझ्या दुसऱ्या खेळात मी बार्ड केली, एंटरटेनर पार्श्वभूमीची, आणि वाद्य म्हणून ढोल घेतला, मामांच्या पखवाजाच्या आठवणीत. तिने ठरवलं होतं की ज्याने शस्त्र टाकलंय त्याला मारायचं नाही. ही एक अट इतकी पुरली की प्रत्येक संवादात कुठला पर्याय निवडायचा ते आपोआप सुचत गेलं. पार्श्वभूमीला साजेसं वागलात की इन्स्पिरेशन मिळतं आणि त्यातून वाईट पडलेला फासा पुन्हा टाकता येतो. बार्डचा व्हिशस मॉकरी मंत्र तर घ्याच, त्यात टोचून बोललेल्या शब्दानेच शत्रू जखमी होतो. दशावतारातली राजा-राक्षसाची जुगलबंदी बघितलेल्याला ते फार जवळचं वाटेल.

डार्क अर्ज हा तयार नायक पहिल्या वेळी घेऊ नका. खुनाची ओढ असलेलं ते सोंग जबरदस्त आहे, पण सोबतच्या माणसांवर आधी जीव जडलेला असेल तरच त्याची भीती अंगावर येते.

पहिला अंक संपत आला की गेम स्वतः इशारा देतो, पुढे गेलात तर मागची कामं राहून जातील. तिथे थांबा. कॅम्पवर परत या, सगळ्यांशी बोला, पार्टीत कधीच न घेतलेल्यांशीसुद्धा. डॅमनकडे जाऊन आलात का बघा, गेलची वस्तू दिली का बघा. मग एक लाँग रेस्ट घ्या, आणि सकाळी डोंगराकडे निघा.