अमिबाला भिंत काढू नका! प्रोटिस्टा शिकताना या चुका टाळा

अमिबा, पॅरामेशिअम, युग्लिना यांसारख्या, बहुतेक एकपेशीय असलेल्या जीवांना प्रोटिस्टा म्हणतात. यातल्या अमिबाची आकृती तपासायला घेतली की मी आधी बाहेरची रेघ बघते. ती दुहेरी असली की अर्धा गुण गेलाच. वनस्पतीपेशी काढून काढून हाताला सवय झालेली असते, त्यामुळे पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची कडक भिंत, आपोआप उमटते. पण अमिबाला ती नसते. असती तर छद्मपाद, म्हणजे सरकण्यासाठी पुढे काढलेले तात्पुरते पाय, कुठून बाहेर आले असते? बाहेर फक्त पातळ पेशीपटल, म्हणजे एकच रेघ, तीही वेडीवाकडी. कंपासने काढलेला अमिबा मी आजवर मान्य केलेला नाही.

पॅरामेशिअममध्ये चूक उलटी होते. मुलं एकच केंद्रक काढतात, आणि असतात दोन: एक मोठं, रोजचा कारभार बघणारं, आणि त्याला खेटून एक लहान. संयुग्मनात, म्हणजे दोन पॅरामेशिअम तात्पुरते जोडले जातात तेव्हा, देवाणघेवाण होते ती या लहान केंद्रकाची. त्यावरून आणखी एक घोळ होतो. संयुग्मनाला सरसकट ‘प्रजनन’ लिहितात. दोन पॅरामेशिअम जवळ आले आणि दोनच वेगळे झाले, तर संख्या कुठे वाढली? वाढते ती द्विविभाजनाने, म्हणजे एकाचे दोन होण्याने.

या सगळ्यामागे एक समजूत असते, की प्रोटिस्टा हे एक घराणं आहे आणि सगळे सदस्य एकमेकांसारखे असणार. तसं नाही. हा खरं तर वर्गीकरणातला ‘इतर’ नावाचा रकाना आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने 1866 मध्ये हे नाव दिलं तेव्हा त्यात जीवाणूही होते. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिटाकरच्या 1969 च्या पाच सृष्टींत जीवाणू मोनेरात, म्हणजे पटलबद्ध केंद्रक नसलेल्यांच्या सृष्टीत, आहेत आणि प्रोटिस्टात उरले आहेत ते पटलबद्ध केंद्रक असलेले, बहुतेक एकपेशीय जीव. ‘बहुतेक’ हा शब्द गाळू नका. व्हॉल्व्हॉक्सच्या एका गोळ्यात शेकडो ते हजारो पेशी असतात. समुद्रातलं केल्प हे शैवाल तर तीस मीटरच्या वर वाढतं. व्हिटाकरने ते वनस्पतींत ठेवलं, पण पुढच्या अनेक वर्गीकरणांत ते प्रोटिस्टांत आलं.

म्हणून पाठांतराचं एकच सूत्र इथे चालत नाही. अमिबा छद्मपादांनी सरकतो, पॅरामेशिअम पक्ष्माभिकांनी, म्हणजे अंगभरच्या बारीक केसांनी, पोहतो, युग्लिना चाबकासारख्या लांब कशाभिकेने. मलेरियाचा परजीवी प्लाझमोडिअम रक्तात असताना त्याच्याकडे यातलं काहीच नाही. युग्लिना वनस्पती की प्राणी, या प्रश्नावर वर्गात दरवर्षी दोन तट पडतात. तिच्यात हरितलवकं आहेत, उजेडात ती स्वतःचं अन्न करते, पण अंधारात तयार अन्नावर जगते, आणि पेशीभित्तिकेऐवजी तिला प्रथिनांचं लवचीक आवरण असतं. उत्तर: दोन्हीही नाही.

नावं फसवतात ती वेगळीच. नील-हरित शैवाल हे शैवाल नाही. नॉस्टॉक आणि ॲनाबीना यांना पटलबद्ध केंद्रक नसतं, त्यांची जागा मोनेरात. स्लाइम मोल्डच्या नावात बुरशी आहे, पण ते कवकांत, म्हणजे बुरशीच्या सृष्टीत, मोडत नाहीत. त्यांच्या चिकट, पसरणाऱ्या अवस्थेला प्लाझमोडिअम म्हणतात आणि मलेरियाच्या परजीवीचंही नाव तेच! मुलांनी गोंधळ केला तर दोष त्यांचा नाही. डायाटमचं मराठी नाव मात्र फार नेमकं आहे: करंडक. सिलिकाच्या कवचाचे दोन भाग कुंकवाच्या करंड्यासारखे, झाकण आणि तळ असे एकमेकांत बसतात. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की विसरायला होत नाही.

‘मलेरिया डासामुळे होतो’ हे वाक्य घरी ठीक आहे, पेपरात अपुरं. रोग होतो प्लाझमोडिअममुळे. ॲनॉफिलिसची मादी तो एकाकडून दुसऱ्याकडे नेते. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत हा परजीवी 1897 मध्ये सिकंदराबादला दिसला. डेंगीही डासच पसरवतो, पण तो विषाणूचा आजार, त्याचा प्रोटिस्टाशी संबंध नाही. आमांशाचंही तसंच: एक प्रकार एन्टामिबा या प्रोटिस्टामुळे होतो, दुसरा जीवाणूंमुळे.

आता ज्यासाठी मुलं सगळ्यात जास्त हिरमुसतात ते सांगते: ‘मॅडम, काहीच दिसत नाही.’

बरणीपासून सुरुवात करा. वाळलेलं गवत उकळून पाणी थंड करा आणि त्यात तळ्याचं किंवा डबक्याचं चमचाभर पाणी घाला. हा चमचा विसरतात, मग आठवडाभर नुसतं गवत कुजतं. नळाचं पाणी वापरायचं तर आधी एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे. बरणीचं झाकण घट्ट लावू नका आणि ती उन्हात ठेवू नका. चार-पाच दिवसांनी वर साय धरते. पॅरामेशिअम त्या सायीजवळ मिळतो. अमिबा हवा असेल तर ड्रॉपर तळाच्या गाळात घाला. वरच्या पाण्यात शोधत बसाल तर तास संपेल.

मायक्रोस्कोपला थेट जास्त शक्तीचं भिंग लावू नका. सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाने शोधा, सापडल्यावर वाढवा. उजेडही कमी करा, कारण हे जीव जवळजवळ पारदर्शक असतात आणि लख्ख प्रकाशात विरून जातात. पॅरामेशिअम नजरेतून सटकत असेल तर थेंबात कापसाचे चार तंतू विंचरून टाका. तंतूंच्या जाळ्यात तो अडखळतो, मागे फिरतो, पुन्हा धडकतो, आणि तेवढ्यात केंद्रकही बघून होतं.

आणि काळी जाड कड असलेला, एकदम गोल, ढिम्म न हलणारा ‘अमिबा’ दिसला, तर काचेवरची काच उचला आणि पुन्हा तिरकी टेकवत हळूच सोडा. तो हवेचा बुडबुडा आहे.