आरटीई २५ टक्के प्रवेश : सोडतीआधी पत्ता पक्का कसा करावा

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत प्रवेशाची, सोडत संगणक काढतो. पण तुमच्या मुलाची चिठ्ठी कोणत्या डब्यात पडणार, हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, आणि ते ठरतं घराच्या पत्त्यावरून. ओळखीतल्या घरांचे अर्ज भरून देताना माझा निम्म्याहून जास्त वेळ घर नकाशावर नेमकं कुठे आहे हे शोधण्यातच जातो. म्हणून हा लेख बराचसा पत्त्याबद्दलच आहे.

नियम थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक शाळांना हे बंधन नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, दिव्यांग वगैरे वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. यातला ‘परिसरातल्या’ हा एक शब्द पालक वाचत नाहीत, आणि सगळं अडतं ते तिथेच.

पायरी १ : वर्तुळ समजून घ्या

शाळेपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार आधी होतो. जागा उरल्या तर १ ते ३ किलोमीटरवाल्यांचा, आणि त्यातूनही उरल्या तर त्यापुढच्यांचा. नावाजलेल्या शाळेत पहिल्या वर्तुळातच जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. तिथे सव्वा किलोमीटरवर राहणाऱ्याची पाळी येणं कठीणच. अंतर धरलं जातं ते प्रवेशाचं सरकारी पोर्टल दाखवतं ते. रिक्षाच्या मीटरचं किंवा ‘आम्ही तर रोज चालत जातो’ यातलं नाही.

हे न्याय्य आहे का? माझं मत अर्धं-अर्धं आहे. सहा वर्षांच्या मुलाची शाळा चालत जाण्याजोगी असावी, हे बरोबरच. पुण्याच्या कोथरूडमध्ये उंच इमारतींच्या पलीकडेच केळेवाडी आणि सुतारदरा या वस्त्या आहेत. तिथल्या मुलाला शेजारच्या शाळेचं दार उघडतं ते या नियमामुळेच. पण ज्या वस्तीच्या आसपास एकही बरी खासगी शाळा नाही, तिथल्या मुलाला हेच वर्तुळ बाहेर ठेवतं. ९ फेब्रुवारी २०२४ ला तर राज्य सरकारने हाच १ किलोमीटर उलटा फिरवला : तेवढ्या अंतरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला.

पायरी २ : पत्त्याचा पुरावा आत्ताच तयार करा

रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, वीजबिल, घरपट्टी, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक यांपैकी काहीतरी बहुतेकांकडे असतं. मात्र त्यावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता एकच हवा. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात, असं असेल तर ते आधार इथे कामाचं नाही.

खरी पंचाईत भाडेकरूंची होते. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो. नुसता स्टॅम्पवर नोटरी केलेला चालत नाही. शिवाय करार अर्जाच्या तारखेआधीचा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. सोडत लागल्यावर केलेला करार म्हणजे नुसता कागद. घरमालक ‘नोंदणीची भानगड नको’ म्हणाले तर त्यांना शांतपणे सांगा : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि न नोंदवल्यास दंड किंवा तुरुंगवासाची तरतूदही आहे. नोंदणी ऑनलाइन होते. तेवढा खर्च आपण उचलतो म्हटलं की बरेच मालक नरमतात. बरेच, सगळे नाही.

इथेच खोट्या कराराचा मोह होतो. राहायचं धायरीत आणि करार दाखवायचा कोथरूडचा, असं करून देणारे एजंटही भेटतात. अशाने जागा जाते ती सुतारदऱ्यातल्या पोराची, शाळेचं काही बिघडत नाही. शिवाय कागदपत्रं तपासणारी पडताळणी समिती घरी येऊ शकते, आणि तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही असं दिसलं तर प्रवेश रद्द होतो. तोवर मूल त्या वर्गात रुळलेलं असतं.

पायरी ३ : फुगा घराच्या छपरावर आणा

अर्जात नकाशावर लाल फुगा, म्हणजे घराच्या ठिकाणाची खूण, येतो. पत्ता टाकला की तो आपोआप कुठेतरी बसतो, बहुतेकदा चौकात नाहीतर पिनकोडच्या मधोमध. तो ओढून बरोबर आपल्या घरावर आणायचा. वस्तीत गल्ल्या नकाशावर दिसतच नाहीत. अशा वेळी सॅटेलाइट दृश्य लावा, जवळचं देऊळ किंवा पाण्याची टाकी शोधा आणि तिथून घरापर्यंत या. सायबर कॅफेवाल्याला घाई असते, पण माऊस दोन मिनिटं तुमच्या हातात घ्या. ठिकाण मोजक्याच वेळा बदलता येतं. मुद्दाम शाळेजवळ सरकवलेला फुगा कागदपत्रं तपासताना उघडा पडतो.

पायरी ४ : शाळा निवडा

जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. दहाच्या दहा भरायलाच हव्यात असं नाही. एखाद्या शाळेत निवड होऊन प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीत संधी मिळत नाही. म्हणून ज्या शाळेत खरोखर पाठवाल तीच टाका. बस, गणवेश, सहल यांचा खर्च किती येतो, ते तिथल्या एखाद्या पालकाला आधी विचारा. आणि एका मुलाचा एकच अर्ज. ‘दोन भरले तर नशीब दुप्पट’ असं समजून भरलेले दोन्ही अर्ज बाद होतात.

पायरी ५ : सोडतीनंतर

एसएमएसवर विसंबू नका. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः पाहा. नंबर लागला तर निवडपत्राची प्रिंट, मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच घेऊन मुदतीत पडताळणी समितीकडे जा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. कागद नाकारला तर कारण लेखी मागा. ते हातात असेल तरच शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार टिकते. प्रतीक्षा यादीत असाल तर दर दोन-तीन दिवसांनी पाहत राहा. वरच्यांनी प्रवेश घेतला नाही की यादी सरकते, आणि बोलावणं येतं तेव्हा हातात थोडेच दिवस असतात.