गाडी दुसऱ्याची, जखम आपली: गोव्यातील अपघातात जखमी झालेल्या प्रवाशाने भरपाई कशी मागावी

रस्त्यावरील अपघातात जखमी झालेला माणूस गाडी चालवत नसेल, नुसता बसलेला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्याची बाजू बहुधा सर्वांत भक्कम असते. तरीही दावा करायला बिचकतो तो हाच माणूस, कारण गाडी मेव्हण्याची असते, शेजाऱ्याची असते किंवा चवथीला मुंबईहून सगळ्यांना घेऊन आलेल्या चुलतभावाची असते. त्याच्याविरुद्ध कोर्टात कसे जायचे, हा प्रश्न वकिलाकडे जाण्याआधी घरातच निकालात निघतो. वस्तुस्थिती अशी आहे की दाव्यात चालक आणि मालक यांची नावे प्रतिवादी म्हणून घालावीच लागतात, पण पॉलिसी प्रवाशाला लागू होत असेल तर पैसे विमा कंपनीने द्यायचे असतात. चालकावरील फौजदारी खटला सरकार चालवते. तुम्ही भरपाई मागितली म्हणून तो वाढत नाही आणि मागितली नाही म्हणून मागेही घेतला जात नाही. नात्याला खरा धोका एकाच ठिकाणी आहे: पॉलिसी प्रवाशाला लागू नसेल तर रक्कम मालकाच्या खिशातून जाते. म्हणून दावा करायचा की नाही हे ठरवण्यापूर्वी ती पॉलिसी वाचावी. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

पहिले काही दिवस

अपघातानंतर १०८ रुग्णवाहिका तुम्हाला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) नेवो वा म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, दाखल होताना हा रस्ता अपघात आहे, कोणत्या गाडीत आणि कोणत्या सीटवर आपण बसलो होतो, हे स्पष्ट सांगावे व ते केसपेपरवर लिहून घेतले गेले याची खात्री करावी. पोलिसांचा त्रास नको म्हणून "घरी पाय घसरून पडलो" असे सांगणारे लोक आजही आहेत. असा एक शेरा कागदावर आला की सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. खासगी इस्पितळात गेलात तरीही ही वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, आवश्यक आहे. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त इस्पितळात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. दाखल होताना नातेवाइकांनी याची चौकशी अवश्य करावी.

सरकारी इस्पितळात उपचाराचे बिल फारसे होत नाही, त्यामुळे दाखवायला काही नाही असे वाटते. ते खरे नाही. बाहेरून आणलेली औषधे, सत्तरीतून बांबोळीला तपासणीसाठी केलेल्या गाडीभाड्याच्या पावत्या, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, फिजिओथेरपी, कुबड्या हा सगळा खर्चच आहे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि पावत्या एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवाव्यात.

पोलिसांच्या कागदांत आपले नाव

२०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवायचा असतो, आणि जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुनाही द्यायचा असतो. न्यायाधिकरणाने हा अहवालच दावा अर्ज समजावा अशीही कायद्यात तरतूद आहे. मात्र माझे मत असे की त्यावर विसंबून स्वतःचा अर्ज टाळू नये, कारण अहवालात तुमची कमाई, तुमचा व्यवसाय आणि तुमच्या जखमेचा पुढील आयुष्यावर झालेला परिणाम पोलीस तुमच्याइतक्या काळजीने लिहिणार नाहीत.

एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मिळताच त्यात प्रवासी म्हणून आपले नाव आहे का हे पाहावे. "व इतर तिघे जखमी" एवढेच लिहिलेले असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन आपला जबाब नोंदवून घ्यावा. दोन्ही गाड्यांच्या मालकांनी रस्त्यावरच "आपसात मिटवले" असेल तर त्यांनी मिटवला तो पत्र्याचा हिशोब. त्याने तुमच्या जखमेचा हक्क संपत नाही. तक्रार मात्र तुम्हालाच द्यावी लागेल.

कोणाविरुद्ध मागायचे

पर्वरीच्या महामार्गावर कार आणि ट्रक धडकले, चूक कोणाची याबद्दल दोघे भांडत आहेत, आणि तुम्ही कारच्या मागच्या सीटवर होता, अशी स्थिती धरा. दोन्ही चालकांच्या निष्काळजीपणातून त्रयस्थाला इजा झाली असेल तर तो दोघांपैकी कोणाहीकडून किंवा दोघांकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेनयेई प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपसातील वाटणी त्यांनी नंतर करावी. तुमच्या चालकाची चूक तुमच्या भरपाईतून वजा होत नाही. म्हणूनच दोन्ही गाड्यांचे चालक, मालक आणि विमा कंपन्या यांना प्रतिवादी करणे शहाणपणाचे असते, आणि मेव्हण्याच्या गाडीचा विमा अपुरा असला तरी ट्रकची कंपनी उरते. सीटबेल्ट लावला नव्हता किंवा चालक प्यालेला आहे हे ठाऊक असून तुम्ही बसलात, असा आक्षेप मात्र तुमच्या स्वतःच्या चुकीचा आहे आणि तो घेतला जाऊ शकतो. त्याला काय उत्तर द्यायचे हे वकिलाशी आधीच बोलून ठेवावे.

आता पॉलिसी. खासगी कारचा विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे गाडीबाहेरच्या इतरांच्या नुकसानीपुरता, असेल तर त्या कारमध्ये फुकट बसलेला प्रवासी सामान्यतः त्यात येत नाही. पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीसोबत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही विमा, असेल तर येतो, हे २०१२ च्या बालकृष्णन निकालानंतर पक्के आहे. इथे एक खाच आहे. २०१८ पासून नव्या कारचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळ जण वर्षावर्षाने घेतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात. मालक प्रामाणिकपणे "विमा चालू आहे" म्हणतो आणि चालू असतो तो अर्धाच. पॉलिसीवरील १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पाहूनही हुरळून जाऊ नये, कारण तो चालक-मालकासाठी असतो. प्रवाशांसाठी वेगळा हप्ता भरला आहे का हे त्याच पानावर दिसते.

टॅक्सीत किंवा बसमध्ये भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाला ही अडचण येत नाही, कारण प्रवासी वाहनाच्या सक्तीच्या विम्यातच तो धरलेला असतो. गोव्यातली खरी गुंतागुंत भाड्याच्या स्वतः चालवायच्या गाड्यांची आहे. परवाना असलेल्या रेंट-अ-कॅबची नंबराची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी कार गुपचूप भाड्याने दिली गेली असेल तर पॉलिसीच्या अटींचा भंग झाला असे म्हणून कंपनी हात वर करते. अशा वेळी भाड्याचा करार, गूगल पेची नोंद, व्हॉट्सॲपवरील संभाषण जपून ठेवावे, म्हणजे निदान मालकाची जबाबदारी तरी सिद्ध करता येते. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात बसून देवळाला किंवा लग्नाला जाणाऱ्यांची स्थिती याहून बिकट असते. माल स्वतःचा असेल आणि त्याच्यासोबत प्रवास चालला असेल तर गोष्ट वेगळी.

अर्ज, मुदत आणि रकमेचा हिशोब

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता, अथवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कोणतेही ठिकाण निवडता येते. म्हणजे पेडण्यात जखमी झालेल्या वेंगुर्ल्याच्या माणसाला प्रत्येक तारखेला गोव्यात येण्याची गरज नाही, त्याला सिंधुदुर्गातही अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. प्लास्टर निघेपर्यंत थांबू, अपंगत्वाचा दाखला मिळाला की बघू, असे म्हणताना हीच मुदत निसटते. अर्ज आधी दाखल करून दाखला नंतर जोडता येतो.

रक्कम ठरवताना उपचारखर्च, उपचारकाळात बुडालेले उत्पन्न, पुढचे उपचार, वेदना आणि आयुष्यातील आनंदाला मुकणे हे सारे पाहिले जाते. पण मोठा आकडा येतो तो कायमच्या अपंगत्वामुळे कमी झालेल्या कमाईचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालानुसार दाखल्यावरील टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोट्याला कायमची इजा झाल्यावर कारकून खुर्चीवर बसून नोकरी चालू ठेवू शकेल, पण नारळ काढणाऱ्या पाडेल्याचा धंदा तिथेच संपतो, मग दाखल्यावर टक्के वीस का असेनात. म्हणून तुमच्या कामात नेमके काय करावे लागते, हे अर्जात तपशिलाने लिहावे आणि डॉक्टरांच्या साक्षीतूनही आणावे.

उदाहरणादाखल ३८ वर्षांचा, महिना २०,००० रुपये मिळवणारा स्वयंरोजगारी माणूस घेऊ. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाऱ्याच्या उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की महिन्याचे २८,००० आणि वर्षाचे ३,३६,००० होतात. ३६ ते ४० वयोगटाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ज्याने गुणायचे तो आकडा, १५ आहे, त्यामुळे ५०,४०,००० येतात. कमाईची हानी ३० टक्के मानली तर या एका सदराखाली १५,१२,००० रुपये होतात. उत्पन्न सिद्ध करता आले नाही तर न्यायाधिकरण किमान वेतनासारख्या आकड्यावर येऊ शकते आणि सगळा हिशोब तिथून खाली घसरतो, म्हणून पगारपत्रक नसलेल्या मासेविक्रेत्याने किंवा गवंड्याने बँकेचे पासबुक आणि काम देणाऱ्यांची साक्ष यांची तयारी लवकर करावी.

सही करण्यापूर्वी

अपघाताची माहिती मिळाल्यावर ३० दिवसांत विमा कंपनी तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकते. कलम १६४ खाली कोणाचीही चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, आणि इस्पितळात पडलेल्या माणसाला ते मोठे वाटतात. पण या मार्गाने ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपतो. हाड सांधले, कामावर परत गेलात, कायमचे काही उरले नाही, तर अडीच लाख घेऊन मोकळे होणे चांगलेच. वरच्या उदाहरणातल्या माणसाने मात्र ती सही करता कामा नये. लोकअदालतीतील तडजोडीवरही अपील होत नाही, त्यामुळे तिथेही जखमेचे अंतिम स्वरूप कळल्यावरच आकडा मान्य करावा.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर हिट अँड रन योजनेतून गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज न्यायाधिकरणात नव्हे, महसुली यंत्रणेतील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. कंपनीच्या बसने वेर्ण्याला कामावर जाताना जखमी झालेल्या कामगाराने आधी एकच मार्ग निवडावा, कारण कामगार भरपाई आणि मोटार वाहन कायदा या दोन्हींखाली एकाच इजेची भरपाई घेता येत नाही, आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) संरक्षण असेल तर हिशोब आणखी बदलतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो; महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मिळालेली रक्कम कमी वाटली तर निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, गोव्यातील न्यायाधिकरणाचा निकाल असेल तर पर्वरीच्या खंडपीठाकडे. मात्र वादातील रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपिलाची सोय नाही.