आजारी दिवशीची गाडी : परदेशातील लांब सायकल दौऱ्यासाठी तयारीची यादी

परदेशातील लांब सायकल दौऱ्याची यादी करताना रेल्वे आणि औषधपाणी या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्या जातात. एका रकान्यात तिकिटे, दुसऱ्यात गोळ्या. त्या एकाच रकान्यात असाव्यात, असे माझे ठाम मत आहे. दौऱ्यात रेल्वेची खरी निकड भासते ती अंगात ताप असताना, गुडघा सुजलेला असताना किंवा पडल्यामुळे गळपट्टीचे हाड मोडून एक हात झोळीत अडकलेला असताना. धडधाकट माणसाची गाडी चुकली तर तो पुढच्या गाडीने जातो, नाहीतर सरळ सायकल हाणत निघतो. आजारी माणसाला यांतले दुसरे शक्य नसते आणि पहिलेही अनेकदा परवडत नाही. म्हणून पुढील प्रत्येक बाब तपासताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : एक हात कामाचा नसताना हे मला एकट्याला जमेल का?

सुरुवात नकाशापासून करावी. मार्ग आखतानाच प्रत्येक मुक्कामासमोर दोन नोंदी कराव्यात. पहिली नोंद सायकल घेणारी गाडी जिथे थांबते अशा जवळच्या स्थानकाची आणि दुसरी चोवीस तास तातडीचा विभाग चालणाऱ्या जवळच्या रुग्णालयाची. केवळ जवळचे स्थानक लिहून भागत नाही, कारण लहान स्थानकावर थांबणारी गाडी सायकल घेतेच असे नाही आणि मोठ्या स्थानकावरची वेगवान गाडी तर पुष्कळदा घेत नाही. ही नावे स्थानिक लिपीतही कागदावर उतरवून ठेवावीत. फोनची बॅटरी संपली तरी तो कागद एखाद्या वाहनचालकापुढे धरता येतो. काही टप्प्यांत स्थानकाचा रकाना रिकामाच राहील. उदाहरणार्थ, मध्य आशियातील पामीर महामार्गावर खोरोग (ताजिकिस्तान) ते ओश (किर्गिझस्तान) या भागात रेल्वे नाही आणि वाटेत 4,655 मीटर उंचीची अक-बैताल खिंड आहे. तिथे बाहेर पडण्याचे साधन म्हणजे वाटेवरची जीप किंवा ट्रक, हे आधीच ठरवून त्यासाठी रोख रक्कम वेगळी काढून ठेवावी. तातडीचे क्रमांक तोंडपाठ असावेत : युरोपीय संघात सर्वत्र 112, अमेरिका व कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000 आणि जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी 119.

रेल्वेचे नियम देशागणिक बदलतात, शिवाय एकाच देशात गाडीच्या प्रकारानुसारही बदलतात. म्हणून 'त्या देशात सायकल नेता येते' या ऐकीव माहितीवर विसंबू नये. जर्मनीत प्रादेशिक गाड्यांत सायकलचे वेगळे तिकीट काढले आणि डब्यात जागा असली की काम होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र सायकलसाठी आरक्षण बंधनकारक असते, आणि आयसीई 4 या वेगवान गाडीत अशा जागा जेमतेम 8 असतात. स्वित्झर्लंडमध्ये आंतरशहरी गाड्यांसाठी 21 मार्च ते 31 ऑक्टोबर या काळात सायकलचे आरक्षण करावे लागते. फ्रान्समधील टीजीव्ही या वेगवान गाडीत बरेचदा सायकल सुटी करून 130 बाय 90 सेंटिमीटरच्या पिशवीत घालण्याची अट असते. जपानमध्ये तर सायकल संपूर्णपणे पिशवीत झाकलेली असावी लागते. सीट किंवा चाकाचा तुकडाही बाहेर दिसता कामा नये, आणि पिशवीची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 250 सेंटिमीटरच्या आत बसावी लागते. युरोपीय संघाच्या 2021 च्या नियमावलीनुसार जून 2025 पासून नव्या गाड्यांत सायकलींसाठी किमान 4 जागा ठेवणे अपेक्षित आहे. पाऊल स्वागतार्ह आहे, पण 4 जागा म्हणजे एका कुटुंबाने आधी आरक्षण केले की डबा भरला. म्हणून सुट्टीच्या हंगामात आरक्षणाची खिडकी उघडताच जागा घ्यावी आणि मार्गातल्या प्रत्येक मोठ्या टप्प्यासाठी प्रादेशिक गाड्यांनी जाण्याचा दुसरा, संथ पर्याय वहीत लिहून ठेवावा. आजारी दिवशी आरक्षण हाताशी नसते. त्या दिवशी हा संथ पर्यायच उपयोगी पडतो. रुळांचे काम चालू असेल तर गाडीऐवजी बस सोडतात आणि अशा बसमध्ये सायकलला सहसा जागा मिळत नाही, म्हणून प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पुन्हा पाहावे.

सायकल सुटी करून बांधण्याचा सराव निघण्यापूर्वी घरीच करावा, आणि तो घड्याळ लावून करावा. पेडल काढण्यासाठी 15 मिलिमीटरचा पाना किंवा 8 मिलिमीटरची ॲलन की लागते. आपल्या पेडलला यांपैकी काय लागते ते पाहून तेवढेच हत्यार घ्यावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे नेहमीच्या सवयीने फिरवल्यास ते सैल होण्याऐवजी अधिकच घट्ट बसते, आणि फलाटावर घाई असताना नेमके हेच विसरले जाते. निघण्यापूर्वी दोन्ही पेडलच्या आट्यांना ग्रीस लावले असेल तर अशक्त हातानेही ती निघतात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकचा दांडा चुकूनही दाबला जाऊ नये, कारण आतले पॅड एकमेकांना चिकटून बसतात. दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवावा. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वरच्या बाजूला येईल अशी सायकल ठेवावी, नाहीतर त्याचा हूक वाकतो आणि गिअर बिघडतात. त्या हुकाचा एक जादा नग सोबत असावा. तो अगदी लहान असतो आणि प्रत्येक सायकलचा वेगळा असल्यामुळे परक्या गावात सहजी मिळत नाही. अनेक डब्यांत सायकल पुढच्या चाकाने हुकाला उभी टांगावी लागते. रुंद टायर किंवा लांब मडगार्ड टांगण्याच्या त्या हुकात बसतात का, हे पहिल्याच प्रवासात पाहून ठेवावे.

सामानाच्या पिशव्यांची संख्या हा माझ्या दृष्टीने पूर्ण वैद्यकीय प्रश्न आहे. चार पॅनियर (चाकांच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या), हँडलची पिशवी आणि तंबू असे सहा नग घेऊन जिन्यावर तीन फेऱ्या माराव्या लागतात, आणि ज्याला उलट्या होत आहेत त्याला एकही फेरी झेपत नाही. दोन-दोन पॅनियर पट्ट्याने एकत्र बांधून खांद्यावर टाकता येतील अशी सोय करावी आणि सगळे सामान एका फेरीत उचलता येते का, ते घराच्या जिन्यावर करून पाहावे. पासपोर्ट, पैसे, औषधे, विम्याचे कागद आणि एक गरम कपडा हे सगळे हँडलच्या पिशवीत असावे, कारण सायकल एका टोकाच्या डब्यात आणि आपली जागा दुसऱ्या टोकाला, असे पुष्कळदा होते. शिवाय रुग्णवाहिका आपल्याला नेईल. सायकल नेणार नाही.

लसीकरणासाठी डॉक्टरांकडे निदान दोन महिने आधी जावे. धनुर्वाताचा वर्धक डोस घेऊन दहा वर्षे होत आली असतील तर तो आधीच घ्यावा. रस्त्यावर खरचटणे हे सायकलस्वाराचे नित्याचे आहे. पिवळ्या तापाची लस आवश्यक असलेल्या देशात जायचे असेल तर तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी वैध होते, हे तिकीट काढताना ध्यानात असावे. सायकलस्वाराने सर्वांत गांभीर्याने विचार करावा तो रेबीजचा. गावाच्या वेशीवर कुत्री मागे लागतात ती पायी चालणाऱ्यापेक्षा सायकलच्याच अधिक. आधी लस घेतलेली असेल, तर चावा झाल्यावर इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज उरत नाही; आणि दुर्गम भागात नेमके तेच मिळणे कठीण असते. मात्र लस घेतलेली असली तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुणे आणि पुढचे डोस लगेच घेणे चुकवू नये. त्यासाठी दौरा मोडून शहर गाठावे लागले तरी गाठावे; लक्षणे दिसू लागल्यावर या आजारावर इलाज राहत नाही.

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, जेनेरिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावीत, कारण व्यापारी नावे देशोदेशी वेगळी असतात. आपल्याकडे सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात बंदी असलेले असू शकते. जपानमध्ये 10 टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेले सर्दीचे औषध नेता येत नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध एक महिन्याहून अधिक काळाचे न्यायचे असल्यास पूर्वपरवानगी लागते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात तापणाऱ्या पॅनियरमध्ये ठेवू नये आणि थंडीत गोठूही देऊ नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरचा संपर्क एका कार्डावर स्थानिक भाषेत लिहून ते हेल्मेटच्या आत नव्हे, तर खिशात ठेवावे.

विम्याची पॉलिसी पूर्ण वाचावी, विशेषतः काय वगळले आहे तो भाग. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसासाठी) किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते; पण ती व्हिसाची अट आहे, गरजेचे माप नव्हे. लांब पल्ल्याची सायकल सफर त्यात धरली आहे का, किती उंचीपर्यंत संरक्षण आहे, सलग किती दिवसांचा प्रवास चालतो, जुने आजार नोंदवले आहेत का आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो का, या पाच प्रश्नांची उत्तरे कंपनीकडून लेखी घ्यावीत. रुग्णालयात भरती होण्यापूर्वी किंवा झाल्याबरोबर मदत-क्रमांकावर कळवण्याची अट बहुतेक पॉलिसींत असते; तो क्रमांक सहप्रवाशाकडेही असावा.

औषधांच्या पिशवीबद्दल थोडक्यात. जखमेचे साहित्य भरपूर, गोळ्या मोजक्या. ओआरएसची पाकिटे संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गोचीड काढण्यासाठी बारीक टोकाचा चिमटा. करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागल्या तर हँडलची पकड आणि उंची त्याच दिवशी बदलावी. दुर्लक्ष केले तर पुढे ब्रेक दाबण्याची ताकदही कमी होते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक चढवू नये, आणि डोकेदुखीसोबत चालताना तोल जाऊ लागला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

डोक्याला मार बसून उलटी, गोंधळ किंवा वाढती डोकेदुखी असेल, तर एकट्याने रेल्वेत बसू नये. तिथे रुग्णवाहिकाच बोलवावी. इतर वेळी, म्हणजे ताप, जुलाब किंवा सांध्याची सूज असताना, सायकल घेऊन प्रवास करण्याचा हट्ट आधी सोडावा. ती मुक्कामाच्या जागी, स्थानकाच्या सामानघरात किंवा सायकल दुरुस्तीच्या दुकानात ठेवता येते का, हे विचारण्याचे वाक्य त्या देशाच्या भाषेत लिहून ठेवावे. सोबत सायकलचा फ्रेम क्रमांक, छायाचित्र आणि खरेदीची पावती असावी. सायकल ठेवताना मिळणाऱ्या पावतीवर पत्ता व परत येण्याची अंदाजे तारीख लिहून घ्यावी आणि कुलपाची एक किल्ली सहप्रवाशाकडे द्यावी. उपचाराचे प्रत्येक बिल, डॉक्टरांचा शिक्का असलेला अहवाल आणि त्या दिवसाचे रेल्वे तिकीट यांचे फोटो त्याच संध्याकाळी घरी पाठवावेत, कारण दावा दाखल करताना उपचाराचे कागद लागतातच आणि बदललेल्या प्रवासाचा खर्च मागायचा असेल तर तिकीटही मागतात.