चेहऱ्यापेक्षा तपशील तपासा

खोटे बोलणारा माणूस नजर चुकवतो हा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. प्रत्यक्षात मात्र नजर, घाम किंवा हातांची चाळवाचाळव यांवरून खोटेपणा ओळखणे कठीणच असते. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाला. म्हणून पडताळता येईल असा तपशील विचारावा.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी हाती पडलेल्या शेतकऱ्याला कोणी ‘दरमहा खात्रीचा परतावा’ देऊ करत असेल, तर ‘हे खरे आहे ना?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ करणाऱ्याकडे तयारच असते. त्याऐवजी पैसे कोणाच्या खात्यात जाणार, पावतीवर सही कोणाची, सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नोंदणी क्रमांक कोणता, हे शांतपणे विचारावे आणि तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावा. ‘आज संध्याकाळपर्यंतच संधी आहे’ अशी घाई सुरू झाली, की व्यवहार तिथेच थांबवावा.

प्रामाणिक माणूसही दडपणाखाली अडखळतो, त्यामुळे अडखळणे हा पुरावा मानू नये. घरातल्या मुलांवर आपण याच कारणाने अनेकदा अन्याय करतो. बातमीतील रडवेल्या किंवा संतप्त चेहऱ्यावरूनही मत बनवण्याआधी त्या क्षणाच्या मागचापुढचा भाग पाहावा.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.